टेलरबाईंची वाढत्या मापाची सायकल

ही २०१६ सालची गोष्ट. त्या वर्षी कालव्यापलीकडच्या वस्तीची बस बंद झाली आणि टेलरबाईंच्या थोरल्या बहिणीने फोनवर सांगून टाकलं, "दर रविवारी तू यायचीस म्हणून मी इथे एकटी राहत होते. आता या रविवारनंतर लेकीकडे कायमची जाते."

लेक विमानाने जावं इतकी लांब. टेलरबाईंची पन्नाशी उलटलेली, पण लहानपणी वडिलांची सायकल सर्वांत जास्त त्यांनीच पळवलेली. "ताई, जाऊ नकोस. मी सायकलने येते," त्या बोलून बसल्या.

वाट अर्धी डांबरी, अर्धी कालव्याकाठची, नुसती खडी. सायकलवाल्याने तीन सायकली पुढे केल्या.

"ही बारीक टायरची. डांबरावर वाऱ्यासारखी, खडीवर तोंडघशी पाडेल. ही डोंगरातली. दणकट, पण जड. चढावर जीव काढेल. वहिनी, तुम्ही ही ग्रॅव्हल बाईक घ्या. टायर रुंद, अंगाने हलकी. दोन्हीकडे पळते."

"हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं का हो?"

"हात अवघडले की पकड बदलायला."

पटलं. तो टेप शोधू लागला, तशी बाईंनी गळ्यातली काढली. "मापं मी घेते. तीस वर्षं तेच करतेय." भिंतीला पाठ टेकून पायाचं माप घेतलं आणि हाताच्या सवयीने त्यात दोन इंच मिळवले. प्रत्येक कपड्यात त्या तेवढं कापड शिवणीत राखून ठेवत. पुढे माणूस वाढला तर उसवता यावं.

त्या मापाची सायकल शुक्रवारी मिळाली. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला. पाय जमिनीला पोचेना. बाई सायकलसकट फळवाल्याच्या कलिंगडांवर.

घरी नवरा म्हणाला, "काय गं, अजून उंची वाढायची आहे का तुझी?"

शनिवारी सकाळीच त्या दुकानात हजर. सायकलवाल्याने डोक्याला हात लावला. "वहिनी, कापड उसवता येतं, फ्रेम कशी उसवू? त्यात हे ओरखडे. परत कशी घेऊ?"

बाईंचं लक्ष त्याच्या पोटाकडे. बटण उघडं, सगळा भार पट्ट्यावर. "ही पँट माझ्या हातची ना?"

"लग्नातली."

"मग मागच्या शिवणीत दोन इंच असणारच. अशा किती आहेत?"

"सहा," तो लाजला. "बायको म्हणते, टाकून द्या."

संध्याकाळपर्यंत सहाही पँटी सैल झाल्या आणि बदल्यात दुकानाच्या काचेमागची धाकट्या मापाची ग्रॅव्हल बाईक बाहेर आली.

रविवारी ताई दारात भरलेल्या बॅगेशेजारी बसली होती. खडी करकरली, तशी ओरडली, "अगं, ब्रेक! ब्रेक लाव!" बाईंनी ब्रेक लावला आणि दोन्ही पाय चक्क जमिनीवर टेकले. ताई बघतच राहिली. मग म्हणाली, "ही बॅग माळ्यावर टाक बाई. माझा हात पोचत नाही."

ताई पुढे सात वर्षं त्याच घरात राहिली, आणि शेवटपर्यंत एकही रविवार एकटीने काढला नाही. ओरखड्यांची मोठी सायकल टेलरबाईंच्या उंच नवऱ्याने घेतली. चढावर तो अजून "जरा थांब गं" करत मागून येतो. सायकलवाला आणखी सुटला. त्याच्या नव्या पँटींत बाई तीन इंच राखून ठेवतात. साठी ओलांडून त्या आजही कालव्याकाठी जातात, टेप मात्र घरी ठेवून.