परवा म्हणजे कधी

आमच्या कामात एक नियम आहे, आणि तो मी गेली अकरा वर्षं लोकांना ओरडून ओरडून शिकवतेय. निरोप मिळाला की तो तसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. समोरच्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. नवीन पोरं हसतात. हसेनात का! रेल्वेत "मला वाटलं" या दोन शब्दांनी माणसं मरतात, हे मी ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

मी वरदा, रेल्वे सिग्नलिंगची टेस्ट इंजिनियर. त्या वीकेंडला आम्ही बेरिकला होतो, इंग्लंड-स्कॉटलंडच्या बॉर्डरच्या कामावर. रुळांकडेचे जुने सिग्नल कायमचे बंद करायचे, आणि गाडी कुठवर न्यायची, किती वेगाने न्यायची, हे ड्रायव्हरला त्याच्या समोरच्या स्क्रीनवरच दाखवायचं. बॉर्डरपर्यंत गाडी दक्षिणेकडच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात, पुढे उत्तरेकडच्या. एकाने सोडायच्या आत दुसऱ्याने धरलं पाहिजे, नाहीतर गाडी जागच्या जागी उभी. त्यासाठी शुक्रवारपासून रविवार संध्याकाळपर्यंत लाइन बंद ठेवली होती.

माझी आई, मधुमती, एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये होती. मंगळवारी दम लागला म्हणून ठेवून घेतलं होतं. "काही नाही गं, ऑब्झर्वेशन. तू तुझं काम संपवून ये," असं तिनेच फोनवर सांगितलं. तीस वर्षं याच देशात डॉक्टरकी केलेली बाई. तिच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? शिवाय माझा धाकटा भाऊ नील तिच्याजवळ होता.

मी पुण्याची, नील इथे जन्मलेला. त्याचं मराठी म्हणजे कप्पाळ! "माझा आई", "तो खुर्ची". आईने घरच्या ग्रुपवर नियमच करून टाकला होता, इंग्रजीत लिहिलं तर उत्तर मिळणार नाही. मग हा बिचारा मराठीत लिहायचा आणि ती खाली दुरुस्त करायची. "माझी आई रे, गधड्या," आणि पुढे एक हसरा चेहरा.

शुक्रवारी सकाळी फोन लॉकरमध्ये ठेवता ठेवता त्याचा मला मेसेज आला. "आईचा स्कॅन परवा. डॉक्टर बोलणार. तू ये."

परवा म्हणजे रविवार, असं मी धरलं. टेस्ट रविवारी दुपारी संपणार होती. म्हटलं चला, बरोब्बर जमलं. "बरं. येते," असं लिहिलं आणि लॉकर लावलं.

तुम्ही मराठी वाचताय, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. परवा मागचाही असतो. स्कॅन बुधवारीच होऊन गेला होता. रिपोर्ट वाईट होता, डॉक्टर शुक्रवारीच बोलणार होते, आणि आईकडे दोन-तीन दिवस उरले होते. नीलने "झाला" लिहिलं नाही. मी "कुठला परवा?" असं विचारलं नाही.

शनिवारी शिफ्ट संपल्यावर मी विचारलं, "आई कशी आहे?" त्याने लिहिलं, "झोपली. तुझी वाट बघते." वाट काय, ती नेहमीच बघायची. बेरिकहून एडिनबरा रस्त्याने जेमतेम सव्वा तास. जाता आलं असतं. पाय दुखत होते, दुसऱ्या दिवशी टेस्ट होती, म्हणून गेले नाही. दुसरं काही कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

रविवारी अकराला टेस्ट ट्रेन सुटली. मी ड्रायव्हरच्या मागे चेकलिस्ट घेऊन उभी. बाहेर सगळ्या जुन्या सिग्नलवर काळ्या पिशव्या घातलेल्या, उजवीकडे समुद्र. बॉर्डरची पाटी आली आणि गेली, स्क्रीनवरचा वेगाचा आकडा जरासुद्धा हलला नाही. कंट्रोलने निरोप दिला, मी परत म्हणून दाखवला, पलीकडून "बरोबर" आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

परत येऊन लॉकर उघडलं. मेसेज दहा चाळीसचा होता. "ताई, आई गेला."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? गेली रे, गधड्या. गेली. त्यानंतर काहीच आलं नाही. चेकलिस्टवर सही राहिली होती ती केली, खाली तारीख घातली. मग माझ्या मॅनेजरला, कुशला, सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आधी बोलायचंस ना! शुक्रवारीच सोडलं असतं."

लाइन आम्हीच बंद ठेवलेली, त्यामुळे रेल्वेच्या बदली बसने एडिनबराला गेले. शेजारची बाई रेल्वेवाल्यांना शिव्या घालत होती. मी हो ला हो म्हटलं.

आईच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. काही वाटायला हवं होतं, ते वाटत नाहीये, एवढं कळत होतं. मला राग किती पटकन येतो, पण तोसुद्धा आला नाही.

नील शेजारच्या खुर्चीत बसला होता. "फ्रायडेला मी तिला तुझा मेसेज वाचून दाखवला," तो म्हणाला. "ती म्हणाली, नीट वाच. 'येते' लिहिलंय की 'येतेय'? दोनदा विचारलं, ताई. मी म्हटलं, 'येते'. मग शी जस्ट स्माइल्ड. म्हणाली, बरं, काम असेल तिला. परत विचारलंच नाही." तो माझ्याकडे बघायला लागला. "डिफरन्स काय आहे?"

येतेय म्हणजे निघालेय. येते म्हणजे येईन, सवडीने. आईला शुक्रवारीच कळलं होतं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "एकच आहे."

"शुअर?"

"एकच."

त्याने डोळे पुसले आणि हळू आवाजात परत म्हणून बघितलं, "येते, येतेय. एकच."

"बरोबर," मी म्हटलं.