पदुमाचा फाळ

शालवन तोडून काढलेल्या आपल्या तुकड्यात पदुमाने नांगराचे खैराच्या लाकडाचे दोन फाळ मोडले आणि पेरणीचा सण दारात येऊन ठेपला. गावाने मिळून खणलेल्या पाटाचं पाणी त्या दिवशी सुटे. संध्याकाळपर्यंत ज्याची जमीन नांगरून झाली नसेल, त्याच्या शेताचं तोंड चिखलाने लिंपून टाकायचं, असा नियम. मग वर्षभर पाटाचा थेंब नाही, भाताची लावणी नाही. विधवा बाईने दोन लेकरं घेऊन पुन्हा भावजयीचे टोमणे ऐकत राहायचं. त्यापेक्षा वाघाच्या गुहेत राहणं पदुमाला परवडलं असतं.

म्हणून ती थेट बहिणीच्या नवऱ्याकडे, पुक्कुस लोहाराकडे गेली. "दाजी, लोखंडाचा फाळ घडवून द्या."

"मेव्हणीबाई, मी कुऱ्हाडी घडवतो. लोखंडाचा फाळ कधी ऐकलायस?"

"तुम्ही आत्ता ऐकलात ना? पेटवा भट्टी."

सणाच्या सकाळी तो फाळ पाहून गावमुखिया कट्ठक कडाडला, "लोखंड रक्त काढायला असतं! भुईच्या पोटात घालतेस?"

"मामा, हे रान तुम्ही लाकडाच्या कुऱ्हाडीनं तोडलं होतंत का?"

बांधावरच्या बायका फिस्सकन हसल्या. कट्ठकाचं तोंड एवढंसं झालं. "बघू," तो म्हणाला. "संध्याकाळी चिखल घेऊन येतोच."

पदुमाने नांगर धरला आणि सगळं गाव जन्मभर करत आलं तेच केलं. रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर, अंगाचा सगळा भार टाकला. लाकडी फाळ त्याशिवाय भुईला ओरखडतसुद्धा नाही. हा मात्र खोल जाऊन रुतला. बैल गुडघ्यांवर आले. ती आणखी दाबी, तो आणखी रुते. दुपार झाली तरी एक रेघ धड नव्हती, आणि वरच्या शेतांत पाणी खळाळू लागलं होतं.

पदुमा रडकुंडीला आली. हात असे भरून आले की रुमणं दाबायचं त्राणच उरलं नाही. तिने ते नुसतं धरलं. आणि बैल चालू लागले! मुळं कचाकच तुटली, ढेकळं उलटून पडली.

"दाजी!" बांधावर उभ्या पुक्कुसाला बघून ती किंचाळली. "ह्याला दाबायचंच नाही हो! नुसतं मागं चालायचं!"

ऊन उतरलं तेव्हा कट्ठक चिखलाची पाटी घेऊन आला. सगळा तुकडा काळाभोर उलटलेला. त्याने काठी खुपसून पाहिली. त्याच्या स्वतःच्या शेतात ती कधीच इतकी आत गेली नव्हती. त्याने पाटी खाली ठेवली.

"उद्या माझ्या माळावर आणशील का हा नांगर?"

"आणीन की. पण धरणार मी. तुम्ही दाबाल, मामा."

तेवढ्यात पाटाचं पाणी आत शिरलं आणि जमीन घटाघट पिऊ लागली. पदुमा त्या पाण्यातच फतकल मारून बसली, दोन्ही लेकरांना ओढून घेतलं आणि मोठमोठ्याने हसली. हे शेत आता तिचं होतं. तिथून तिला कुणी उठ म्हणणार नव्हतं.