हशावर बोलायचं नाही

विनोद सांगणाऱ्यांच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नाही. हशावर बोलायचं नाही. लोक हसत असले की गप्प उभं राहायचं. हशा चढतो, टिकतो, मग उतरणीला लागतो. तो पुरता विझायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर ते वाहून जातं, उशिरा टाकलं तर सभागृह थंड पडतं. हे ज्याला जमत नाही त्याने खुशाल दुसरं काहीही करावं, पण लोकांपुढे उभं राहून त्यांची संध्याकाळ नासवू नये.

साडेअकराच्या बाईला हे झोपेतही जमलं असतं. रात्री साडेअकराला तिचा कार्यक्रम लागायचा म्हणून लोकांनी तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की शेजारच्या जिन्यातली मुलंसुद्धा तिला त्याच नावाने ओळखायची. सुरुवात झाली ती एका विमा कंपनीत, फोन उचलायच्या नोकरीवर. तक्रार करणाऱ्यांच्या नकला करून ती जेवणाच्या सुट्टीत अख्खं ऑफिस लोळवायची. मग तळघरातल्या खानावळींत बारा माणसांपुढे कार्यक्रम, त्यातली सहा पाठ फिरवून जेवत असायची. मग चौदा वर्षं दुसऱ्याच्या कार्यक्रमात प्रेक्षक तापवायचं काम. म्हणजे मुख्य विनोदवीर येण्याआधी वीस मिनिटं लोकांना हसतं करायचं आणि कॅमेरा सुरू झाला की मुकाट्याने बाजूला व्हायचं. एक दिवस तो विनोदवीर चॅनेलशी भांडून तावातावाने निघून गेला. खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून पंधरा दिवसांसाठी हिला बसवलं. ती एकोणीस वर्षं उठली नाही.

कार्यक्रम रात्रीचा असला तरी चित्रण गुरुवारी संध्याकाळी सहाला व्हायचं. अशाच एका गुरुवारनंतर संकलकाने तिला वरच्या खोलीत बोलावलं. चित्रण कापून जोडून नेटकं करणारा हा माणूस, सगळे त्याला कात्री म्हणायचे. त्याने पडद्यावर आवाजाची रेघ दाखवली. हशा झाला की ती रेघ जाड व्हायची, आणि त्या जाड पट्ट्यात मध्येच बाईचा आवाज घुसलेला दिसत होता.

"तीनदा, ताई," कात्री म्हणाला. "तीनदा हशावर बोललात तुम्ही."

सांगताना तो असा खाली बघत होता, की वाटावं, चोरी बाईने नाही, त्यानेच केली असावी.

"दमले होते रे," ती म्हणाली. दमलेली ती मुळीच नव्हती.

कानाच्या डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. उजवा कान गेल्यातच जमा होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. "आधी उंच, बारीक आवाज जातात," तो म्हणाला. "पक्षी, लहान मुलं. हसण्यातला वरचा भाग."

"म्हणजे बोलणं राहतं आणि हसणं जातं?"

"सध्या तरी. यंत्र देतो. घरात बोलायला उपयोगी पडेल. पण भरलेल्या सभागृहात, लाउडस्पीकरपुढे, नुसता कलकलाट होईल."

घरी येताना ती जिन्यात बसून रडली. पोटभर रडली, आणि मग नाक पुसून वर गेली, कारण रडून काही कान परत येत नव्हते.

नवरा सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला.

"अगं, नाव आहे तोवर उतरावं माणसाने."

"नाव जायचं तर जाऊ दे. मी उतरणार नाही."

"लोक हसतील तुला."

"अहो, त्यासाठीच तर जाते ना मी तिथे!"

चॅनेलचे साहेब तिच्या धाकट्या भावाहून वीस वर्षांनी लहान, गोड बोलणारे. त्या तीन चुका त्यांच्याही कानावर गेल्या होत्या. निरोपाचा एक सुंदर भाग काढू म्हणाले, फुलं, जुनी दृश्यं, पाहुणे. "मी अजून जिवंत आहे," बाई म्हणाली, "फुलांची घाई नको. तोवर जुने भाग दाखवा आणि पुढच्या महिन्यापासूनचे तीन गुरुवार मला द्या. त्यात एकदा जरी हशावर बोलले, तर मी स्वतः खुर्ची सोडते. पण नाही बोलले, तर पुढची तीन वर्षं हा विषय काढायचा नाही." साहेबांना ही अट फारच सोयीची वाटली. त्यांनी हात पुढे केला.

पुढचे पाच आठवडे त्या घरात टीव्ही मुका होता. कात्रीने तिला प्रेक्षकांवर रोखलेल्या कॅमेऱ्याची जुनी चित्रणं दिली होती. बाई आवाज बंद करून ती बघायची, हशा कधी संपला ते सांगायची, आणि नवरा कानात तार घालून, हातात घड्याळ घेऊन ती किती चुकली ते लिहायचा. पहिल्या दिवशी ती दर वेळी चुकली. चौथ्या दिवशी उशी फेकून मारली, नवऱ्याला नाही, पण लागली त्यालाच. तिसऱ्या आठवड्यात तिला माणसं दिसायला लागली. खरं हसणारा माणूस आधी खांद्यांनी हसतो. मग तो शेजाऱ्याकडे बघतो, तोही हसतोय ना याची खात्री करायला. आणि हसून नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलला, की समजावं, त्याचा हशा संपला. खांदे, शेजारी, चष्मा. नवऱ्याने ही यादी सुबक अक्षरात वहीत उतरवली आणि खाली रेघ मारली.

अडचण एकच होती. माणसं दिसायला उजेड लागतो आणि उजेडात माणसं हसत नाहीत. दिवेवाल्याने हे तिला सांगायची गरजच नव्हती, चौदा वर्षं तिने तेच पाहिलं होतं. अंधारात माणूस बिनधास्त हसतो, आपल्यावर दिवा पडला की पोट आवळून सभ्य होतो. शेवटी तडजोड झाली. पुढच्या दोन रांगांवर मंद दिवे, मागे अंधार.

पहिला गुरुवार निर्विघ्न पार पडला. पुढच्या दोन रांगा काय हसत होत्या! खांदे हलत, माना वळत, हात चष्म्याकडे जात. बाईने एकही वाक्य चुकीच्या जागी टाकलं नाही. त्या दिवशी ती जिना दोन-दोन पायऱ्या चढली.

दुसऱ्या गुरुवारीही तसंच. तिचा एक विनोद अगदी सुमार होता, तो तिने मुद्दाम मध्ये टाकला होता, पुढच्याला उंची यावी म्हणून. त्यालाही दोन्ही रांगांचे खांदे हलले. माना वळल्या. आणि पहिल्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाने बोट नाकावर नेऊन चष्मा वर ढकलला.

त्याला चष्मा नव्हता.

बाई एक क्षण वाक्यच विसरली. मग तिने चित्रण पूर्ण केलं, कारण अर्ध्यावर सोडणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि सरळ पडद्यामागे गेली. तिथे शिट्टी उभी होती. शिट्टी म्हणजे फ्लोअर मॅनेजर, सगळ्यांना इशारे देऊन कार्यक्रम वेळेत चालवणारी, बाईनेच हाताला धरून शिकवलेली पोरगी.

"कोण होती ती माणसं?"

शिट्टीचा चेहरा पडला. "हिशेब विभागातली. दोन रंगभूषेतल्या. माझे काका."

"टकले?"

"हो. मी कॅमेऱ्याखालून हात दाखवत होते. आधी खांदे, मग शेजारी, मग..." ती रडायलाच लागली. "ताई, तुमची खुर्ची जाऊ नये म्हणून केलं हो!"

"यादी कुणी दिली?"

शिट्टीची नजर दाराकडे गेली. दारात नवरा उभा होता, बाईचा कोट हातात घेऊन.

घरी पोहोचेपर्यंत तिने दम धरला. मग बोलली ती अशी, की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. "चौदा वर्षं मी लोकांना हसतं केलं, पण हस म्हणून कुणाला शिकवलं नाही! तुम्ही मला खोटं हसू विकत आणून दिलंत. आणि मी मूर्ख, आनंदाने घरी आले!"

"मला भीती वाटली," नवरा म्हणाला. "तुला हरलेलं मला बघवलं नसतं."

"मग डोळे मिटा. पण मला हरायचं तर खरंखुरं हरू द्या."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः साहेबांकडे गेली आणि झालं ते सगळं सांगितलं. दोन्ही गुरुवार रद्द. साहेब चकित झाले. "पण ताई, कुणाच्या लक्षातही आलं नाही."

"माझ्या आलं."

"पुढच्या महिन्याचं वेळापत्रक ठरवायचंय. आता एकच गुरुवार उरलाय."

"मग एकाच गुरुवारी सोक्षमोक्ष लावा."

त्या गुरुवारी पुढच्या रांगांत परकी माणसं होती. शिट्टीने हात खिशात घालून शपथ घेतली होती. बाईने पहिला विनोद टाकला. मंद दिव्याखाली दोन रांगा ताठ बसल्या होत्या, फोटोला बसतात तशा. मागच्या अंधारात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. हसत असतील तर ती त्यांच्यावर बोलणार होती. हसत नसतील तर थांबून फजिती. दुसरा विनोद तिने अंदाजाने टाकला. तिसऱ्यापाशी ती थांबली. अंदाजाने बोलणं तिला चोरीसारखं वाटलं.

"मंडळी," ती म्हणाली, आणि हे कागदावर कुठेच नव्हतं, "तुम्ही हसताय की नाही, मला ऐकू येत नाही. माझे कान गेलेत."

नियंत्रण खोलीच्या काचेमागे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढच्या रांगांतल्या चेहऱ्यांवर कणव पसरली. ती कणव तिला सहन होईना. एकोणीस वर्षांत लोकांनी तिच्याकडे नाना तऱ्हांनी पाहिलं होतं, पण बिचारी म्हणून कधीच नाही, आणि ती तसं बघू देणार नव्हती.

"दिवे लावा," ती दिवेवाल्याला म्हणाली. "सगळे. पार मागच्या भिंतीपर्यंत. मी माझं सांगून टाकलंय, आता ह्यांनीही लपायचं नाही."

दिवे लागले. दोनशे माणसं डोळे मिचकावत एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या भिंतीला टेकून नवरा उभा होता. त्याने येऊ नये असं ती सकाळी बजावून आली होती.

"तो बघा माझा नवरा," ती म्हणाली. दोनशे माना वळल्या. "तीस वर्षं हा माणूस सांगतोय, तू माझं काही ऐकत नाहीस. आता त्याच्याकडे डॉक्टरचा दाखला आहे."

आधी कुठेच काही हललं नाही. मग तिसऱ्या रांगेत एका जाड्या बाईचे खांदे उडाले. तिने शेजारणीला धरलं. मग ते सगळीकडे पसरलं, उजेडात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, माणसं वाकत होती, पर्स तोंडावर धरत होती, आणि बाईला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. ती एकेक चेहरा बघत उभी राहिली. पुढच्या रांगा शांत झाल्या. मधल्या शांत झाल्या. शिट्टीने खिशातून हात काढून बोट गोल फिरवलं, म्हणजे बोला, बोला, फार वेळ झाला. बाईने मान हलवली. मागच्या भिंतीशी एक माणूस अजून हसत होता. भिंतीला धरून, दुमडून, डोळे पुसत. घरात त्याला असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याचं आटपल्याशिवाय ती तोंड उघडणार नव्हती.

तो सरळ झाला. मग ती बोलली.

शुक्रवारी सकाळी कात्रीने तिला वरच्या खोलीत बोलावलं. साहेबही होते. आता सगळे तिच्याकडे तोंड करून बोलत होते. पडद्यावर रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकली आणि जिथे जिथे ती जाड होती, तिथे बाईचा आवाज नव्हता. पहिल्या दोन विनोदांनंतर रेघ जाड झालीच नव्हती.

"एकदाही नाही," कात्री म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. दिलेला शब्द ते पाळणार होते. पण माणूस चॅनेलचा, त्यांचं बोट रेघेवरच्या एका लांबच लांब जाड पट्ट्याकडे गेलं. "इथे तुम्ही बावीस सेकंद नुसत्या उभ्या आहात, ताई. टीव्हीवर फार होतात. थोडं कापू या?"

"त्या बावीस सेकंदांत लोक काय करतायत?"

"हसतायत."

"मग हात लावायचा नाही," बाई म्हणाली आणि कोट चढवायला लागली. "पुढच्या गुरुवारी तीस होतील."