माधवीच्या पिल्लांवर टांगलेला कंदील

मित्रांनो, मी कंदील आहे. जुना झालो आहे, आणि तेही तीनच वर्षांत. कंदील म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काच, वात आणि रॉकेल आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी सेलवर चालणारा, एलईडीचा, प्लास्टिकच्या अंगाचा कंदील. वर टांगायला कडी, बुडाशी तीन मोठे सेल आणि एकाच बटणावर तीन तऱ्हांचा उजेड: मंद, लख्ख आणि लुकलुकता. लुकलुकता उजेड कुणाला कशासाठी लागतो ते मला आजतागायत कळलेलं नाही. दुकानात लोक मात्र तोच आधी लावून बघतात.

माझ्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी नाही. कारखान्यात पट्ट्यावरून सरकत आलो, कुणीतरी बटण दाबून बघितलं आणि खोक्यात घातलं. खोक्यावर डोंगर, तंबू आणि उगीच हसणारी चार माणसं छापली होती. त्यातलं कुणी मला पुढे भेटलं नाही. कर्जतच्या बाजारात रोहिदासभाऊंच्या दुकानात मी फळीवर बसलो. शेजारी डास मारायच्या बॅटी, खाली वायरींची भेंडोळी. येणारा प्रत्येक जण मला लावून बघायचा, "लई भारी!" म्हणायचा आणि बल्ब घेऊन जायचा. कौतुक असं फुकटात भरपूर मिळालं मला.

मग थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस राजेश आणि माधवी दुकानात आले. कळंबजवळच्या गावातलं हे नवरा-बायकोचं जोडपं. राजेश शनिवार-रविवार नदीकाठच्या कॅम्पवर पाहुण्यांचे तंबू ठोकायचा. माधवी बरीच वर्षं एका रिसॉर्टवर भांडी घासत होती. पण त्या आठवड्यात तिनं तिथल्या मॅनेजरला तोंडावर सांगून टाकलं होतं, "उद्यापासून मी येणार नाय. माझं माझं काम हाय आता."

तिचं काम म्हणजे कोंबड्या. मुंबईहून येणारे पाहुणे जेवायला बसले की पहिलं विचारतात, गावठी मिळेल का. ते ती वर्षानुवर्षं मोरीत बसून ऐकत आली होती. तिनं घरामागची पडवी साफ केली, भाताचं तूस अंथरलं, पत्र्याचा गोल उभा केला, मधोमध मोठा पिवळा बल्ब टांगला आणि एक दिवसाची शंभर पिल्लं सांगून ठेवली. ही जगली तर तिला पुन्हा कुणाची खरकटी ताटं उचलावी लागणार नव्हती. एवढंच तिला हवं होतं, आणि ते काही फार नव्हतं.

अडचण एकच होती, लाईटची. पिल्लांना आई नसते, त्यांची आई म्हणजे तो बल्ब. आणि त्या भागात शनिवार आला की डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडणार हे शेंबडं पोरही सांगेल. सगळ्या रिसॉर्टचे एसी, गिझर आणि भोंगे एकदम सुरू झाले, की गावाचा डीपी धाडकन जातो. रिसॉर्टवाल्यांकडे जनरेटर असतात. गावाकडे काय असतं, तर शिव्या.

"लाईट गेली तर पिल्लांसाठी कायतरी द्या भाऊ," माधवी म्हणाली.

रोहिदासभाऊंनी कोपऱ्यातला एक जुना रॉकेलचा कंदील काढला, धूळ झटकली आणि स्वतःच मागे सारला. "ह्याला रॉकेल कुठून आणाल? आता मिळतंय का? त्यापेक्षा हा बघा." आणि मला पुढे केलं. "पडला तर फुटत नाय, वास नाय, धूर नाय. आणि हात लावा ताई, हात लावा. दिवसभर पेटवा, गरम म्हणून होत नाय!"

माधवीनं माझ्यावर तळवा ठेवला. मित्रांनो, तो तळवा मला अजून आठवतो. भांडी घासून घासून खरखरीत झालेला. तिनं तो तसाच थोडा वेळ ठेवला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अवो, पण पिल्लांना ऊब लागते. हा तर गारच हाय."

राजेशचं लक्षच नव्हतं. त्यानं मला कडीला धरून छताच्या पट्टीला टांगलं होतं आणि मान तिरकी करून बघत होता, तंबूच्या आत उभा असल्यासारखा. त्याच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हाच कळलं. कॅम्पवर मिरवायला त्याला असाच एक हवा होता. पिल्लं हे निमित्त होतं.

"उजेड म्हंजे उजेड," तो म्हणाला. "बल्ब काय न् हा काय. घे गं, लई इचार नको करू."

रोहिदासभाऊंनीही "बरोबर हाय" म्हणून मान हलवली. दुकानदार तो, विकला जाणारा माल त्याला बरोबरच वाटणार. माधवी गप्प बसली. दोन पुरुष एका बाजूला झाले की गप्प बसायची सवय तिला रिसॉर्टनं नव्हे, त्याच्याही आधी घरानं लावलेली होती.

पिल्लं आली. कागदी खोक्यातून चिवचिवाट करत आली. माधवीनं त्यांना आधी गुळाचं पाणी दाखवलं, एकेकाची चोच हळूच बुडवून. मग मक्याचा बारीक भरडा. मी खुंटीला टांगलेला होतो, सगळं बघत होतो. ती त्यांच्याशी दिवसभर बोलत असायची. "ए लंगड्या, इकडं ये. तू गं, सगळ्यांचं तूच खातेस का? थांब, तुला पहिली इकते." शेजारच्या चिंधीकाकू कुंपणावरून म्हणायच्या, "माधवे, पोरांच्या जागी कोंबड्याच घेऊन बसलीस की गं!" माधवी हसायची. पिल्लं बल्बाखाली पंख पसरून लोळायची, आणि त्यांची चिवचिव थांबली की ती सुटकेचा श्वास टाकायची. आमच्याकडे असं मानतात, की पिल्लू ओरडतंय म्हणजे त्याला काहीतरी हवंय आणि गप्प आहे म्हणजे सुखात आहे.

माझे खरं तर ते चांगले दिवस होते. कुणी माझ्याकडून काही मागत नव्हतं.

मग तो शनिवार आला. गार वारा सुटला होता. दिवेलागणीला रिसॉर्टचे भोंगे सुरू झाले आणि थोड्याच वेळात डीपी गेला. बल्ब विझला. पडवीत काळोख झाला आणि शंभर पिल्लं एकदम किंचाळू लागली.

राजेश कॅम्पवर जायला निघालेला. माधवी म्हणाली, "काकूंची शेगडी आणते. निखारे घालून मधी ठेवते, वरून पत्रा झाकते."

"खुळी झालीस का? खाली तूस, वर पेंढ्याचं छप्पर. ठिणगी पडली तर घर जाईल. हा कंदील कशाला आणलाय मग?"

"ह्याला ऊब नाय वो. मी दुकानातच बोललेली."

"बघ तरी लावून!"

त्यानं मला बल्बाच्या शेजारी टांगलं आणि लख्ख केलं. आणि मित्रांनो, काय सांगू? सगळी पिल्लं माझ्याकडे धावली. जन्मल्यापासून त्यांना एवढंच ठाऊक होतं, की वर जिथे उजेड तिथे खाली ऊब. ती माझ्याखाली गोळा झाली, एकमेकांना चिकटून बसली आणि हळूहळू गप्प झाली.

"बघितलंस?" राजेश म्हणाला. "झाली का नाय गप? उगाच डोकं खातेस." आणि तो गेला.

माधवीनं पत्र्याभोवती गोणपाट गुंडाळलं. थोडा वेळ उभी राहिली. पिल्लं गप्प होती. मग ती भाकऱ्या टाकायला आत गेली. तिची तरी काय चूक? गप्प म्हणजे सुखात, असंच तिची आई सांगत आली होती.

वरून मला दिसत होतं. पिल्लं गप्प होती कारण गारठली होती. ऊब सापडेना म्हणून एकमेकांखाली घुसत होती. बाहेरची आत शिरायला बघत होती, वरची आणखी वर चढत होती, आणि ढिगाखालची चिरडली जात होती. जीव एवढासा, त्याचं वजन ते काय! पण शंभरांचं मिळून पुरेसं होतं. मी आपला पांढराशुभ्र, गारगार उजेड ओतत राहिलो. मला दुसरं काही येत नाही. मला तोंड असतं तर मी माधवीला ओरडून हाक मारली असती. लुकलुकता उजेड लावायला बटणही मला स्वतःचं स्वतः दाबता येत नाही. संताप संताप झाला माझा.

ती भाकऱ्या करून आली आणि ढिगात हात घातला. वरची कोमट होती. खालची हाताला लागली, तेव्हा तिच्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. मग ती धावली. चिंधीकाकूंची शेगडी आणली, ठिणगीची पर्वा केली नाही, निखारे फुंकले, जिवंत पिल्लं पदरात घेऊन चुलीपुढे बसली. उरलेली तुसावर तशीच राहिली, चपटी, ओली, पिवळी. माझ्या उजेडात तिला ती एकूण एक स्पष्ट दिसली. तेवढ्यापुरता मी उपयोगी पडलो.

सकाळी राजेश आला. पडवीत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण माणूस आपल्या डोक्यावर काही घेत नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "डुबलीकेट माल दिला रोहिदासनं!" म्हणत त्यानं मला खांबावर आपटलं. माझ्या झाकणाला तडा गेला.

अहो, डुप्लिकेट कशाचा? उजेड मागितला होता, उजेड दिला. अख्खी संध्याकाळ दिला, एकदाही मंद न होता. जे माझ्याकडे नाही ते मी देतो असं मी कधी म्हणालो होतो? मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

माझी बाजू घेतली ती माधवीनं. मेलेली पिल्लं घमेल्यात भरता भरता ती म्हणाली, "त्याला कशाला आपटता? त्यानं कदी सांगितलं हुतं, मी गरम हाय म्हणून? सांगत मी हुते. दुकानात बी सांगितलं, काल बी सांगितलं. माझं आयकलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

राजेश म्हणाला, "परत आणू की पिल्लं."

"नको," ती म्हणाली.

पदरातली ओंजळभर पिल्लं पुढच्या दोन दिवसांत एकेक करून गेली. सोमवारी तिनं घमेलं धुऊन उपडं घातलं आणि मंगळवारी ती रिसॉर्टवर गेली. मॅनेजरनं काय विचारलं ते मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो. पण ती संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास होता. पडवीत तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मला माळ्यावर फेकलं गेलं. सेल पोटात तसेच. पावसाळाभर ते पोटातल्या पोटात फुटले, पांढरा-हिरवा खार बाहेर आला आणि माझ्या पत्र्याच्या पट्ट्या खाऊन गेला. कंदील ठेवून देताना सेल काढून ठेवावेत एवढं साधं काम, पण ज्याच्यावर राग आहे त्याची काळजी कोण घेतो? पुढच्या थंडीत राजेशला आठवण झाली. त्यानं सुरीनं खार खरवडला, एक नवा सेल आणि घरात पडलेले दुसरे दोन जुने, उन्हात तापवून, कोंबले आणि मला नदीकाठी नेलं. जुन्याच्या संगतीनं नवाही लवकर मरतो, हे त्याला कोण सांगणार. त्याला सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता मी तंबूत टांगलेला असतो. शहरातले पाहुणे माझ्याखाली बसून फोटो काढतात, म्हणतात, काय मस्त उजेड आहे. तडा गेलेली बाजू राजेश कापडाकडे वळवून ठेवतो. कॅम्पवर गर्दी झाली की तो माधवीलाही ताटं उचलायला बोलावतो. ती येते, ताटं उचलते, जाते. वर बघत नाही.

परवा कडाक्याची थंडी होती. जेवणं उरकली होती. तंबूत पाहुण्यांपैकी एक बाई काकडत बसली होती. तिनं मला कडीवरून काढून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात माझ्याभोवती धरले. शेकायला. माधवी ताटं न्यायला आत आली आणि दारातच थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघत होती.

मग तिनं ताटं खाली ठेवली, त्या बाईच्या हातातून मला हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, "ताई, ह्याला ऊब नसते. नुसता दिसतो. तुमी माझ्यासंगं तिकडं चुलीकडं चला."

बाई म्हणाली, "अहो, मला वाटलं एवढा उजेड आहे तर..."

"त्यांनाबी तसंच वाटलं हुतं," माधवी म्हणाली, आणि मला पुन्हा कडीला अडकवून तिला घेऊन गेली.

मित्रांनो, "त्यांना" म्हणजे कुणाला, ते त्या बाईनं विचारलं नाही; मला मात्र ती शंभर पिल्लं आठवली. मी रिकाम्या तंबूत जळत राहिलो. मला घ्यायला याल तेव्हा माझा उजेड बघा, कडी बघा, सेल किती खातो ते बघा, सगळं बघा. पण ज्या माणसाला माझ्या भरवशावर काही जगवायचं आहे, त्याला आधी विचारा आणि तो सांगेल ते नीट ऐकून घ्या. मला काही विचारू नका. मी प्रत्येकाला लखलखीतच दिसतो.