कोपऱ्यातला श्री

शिष्यवृत्ती परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाचणाऱ्या संगणकाने दुपारी एक नाकारली आणि ती नेमकी परीक्षा घेणाऱ्या डोंबिवलीतल्या संस्थेच्या अध्यक्षा प्रमोदिनीबाईंच्या नातीची, उर्वीची निघाली. कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनाला खेटून तिने ‘श्री’ लिहिला होता, त्यामुळे यंत्राला कागदच ओळखता येईना. श्री लिहिल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही, हे बाईंनीच तिला शिकवलेले.

“हाताने तपासा,” त्यांनी फर्मावले.

संगणकावर बसलेला साकेत घुटमळला. “बाई, सकाळी मानपाड्याच्या सम्यकची अशीच अडकलेली. त्याने ‘जय भीम’ लिहिलं होतं. ‘नियम म्हणजे नियम, बाद करा,’ म्हणालात तुम्ही.”

“मग दोन्ही तपासा.”

“त्याच्या घरी कळवून झालंय.”

“पुन्हा कळवा!”

“कारण काय सांगू?”