पातेल्यावरचं नाव

समोर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेकडे, सुनंदाकडे, फ्रीज आला त्या दिवशी मी जेवले नाही. खोटं कशाला बोलू?

आमचे हे मोतीलाल आणि तिचे रुपचंद सख्खे भाऊ. धुळ्यात एकाच तेलगिरणीत कारकून, पगार सारखाच. तरी तिच्याकडे आधी रंगीत टीव्ही, मग लुना, आता फ्रीज. आणि माझ्याकडे माठ! वर दर दिवाळीला तिच्या फळीवर नवं पातेलं चढायचं. पतपेढ्या नव्या सभासदाचं नाव कोरून दिवाळीभेट देतात ना, तेच. तिच्याकडे पाच झाली, माझ्याकडे एक नाही. मी यांना टोचायची, "भावाकडून शिका काही!"

लेकीचा साखरपुडा ठरला. शिंदखेड्याची माणसं येणार, म्हणून नाक मुठीत धरून सुनंदाचीच पातेली मागून आणली. पाहुणे खूश होऊन गेले. लग्न मार्गशीर्षात, त्यासाठी आम्ही पै पै करून ठेव ठेवलेली.

मग भांडी घासून ज्याची त्याची वेगळी करायला बसले. आपल्याकडे भांडं परत करतात ते नाव वाचूनच. चार पातेल्यांवर रुपचंद, आणि खाली चार वेगळ्या पतपेढ्या. माझी ट्यूब पेटली. ठेव ठेवायला भावजींकडे होतं काय? म्हणजे कर्जासाठीच सभासद झालेले! सगळा थाट उधारीचा! काय गार वाटलं म्हणून सांगू.

पाचवं उचललं. त्यावर नाव होतं मोतीलाल.

"हे काय?" मी पातेलं यांच्यापुढे आदळलं.

हे खाली बघत म्हणाले, "त्याचे चार-चार हप्ते चालले होते. पाचव्या पतपेढीचं व्याज कमी. तिथून एकच मोठं कर्ज काढून चारही फेडली. जामीनदाराला सभासद व्हावं लागतं, म्हणून मी झालो. भेट कर्जामागे एकच, ती माझ्या नावानं निघाली."

"फेडली, तर फ्रीज कुठून आला?"

"जुनी खाती मोकळी झाली. त्यानं पहिल्या पतपेढीतून पुन्हा उचललं."

"याची टोपी त्याच्या डोक्यावर! आणि मोठा हप्ता थकला म्हणजे?"

"माझ्या पगारातून कापतील. नाहीतर लग्नाची ठेव मोडावी लागेल."

आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "आणि पातेलंसुद्धा तिलाच दिलंत?"

"घरी आणलं असतं तर तू नाव वाचलं असतंस," हे म्हणाले. "आणि भावाकडून शिका, असं तूच म्हणायचीस."

तेवढ्यात सुनंदा भांडी न्यायला आली. मोजून म्हणाली, "अक्का, येक कमी शे."

"ते आमनं शे. नाव वाच."

तिनं वाचलं. तोंड एवढंसं झालं. मी सांगून टाकलं, "मोठं कर्ज फिटेपर्यंत फ्रीज माझ्या घरात राहील. हप्ता चुकला की विकीन."

हातगाडीवरून फ्रीज आला. आता सुनंदा पदराखाली वाटी लपवून बर्फाला येते. तिच्या पोटात कसं दुखतं ते मला बरोबर कळतं, आणि बरं वाटतं. मी मोजून चार खडे देते.

फक्त महिन्याच्या दहा तारखेला, भावजी हप्ता भरून पावती दाखवेपर्यंत, माझ्या घशाखाली घास उतरत नाही.