दोन पांढऱ्या वायरी

गल्लीत त्याला सगळे शास्त्रज्ञ म्हणायचे. होता बिस्किटांच्या कारखान्यातला साधा फिटर, पण दोन वर्षं खपून त्याने घरच्या घरी विजेवर चालणारी गाडी बनवली आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला टेकेनात. दारं जुन्या फ्रिजची, चाकं स्कूटरची. सीटं बायकोने शिवली होती, पण ते कोण सांगणार? बघायला लोक आले की तो बोनेट उघडून तासभर बोलायचा आणि ती पाण्याचे पेले आणून द्यायची.

ती परिचारिका. टेकडीच्या पायथ्याच्या लहानशा दवाखान्यात जखमा धुवायची, पट्ट्या बांधायची. तीन वर्षांपूर्वी तिला टेकडीवरच्या मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका म्हणून बोलावलं होतं. वर बस जात नाही आणि तिच्या गुडघ्याला तो चढ झेपत नाही. गाडी होती की घरात! पण ती मेली गाडी तिच्या हातात आली की चढावर अर्ध्यातच मान टाकायची. नवरा बसला की सुसाट, ती बसली की ठप्प. एकदा तर मागे घरंगळत जाऊन दुधाच्या टेम्पोला टेकली. टेम्पोवाल्याने जो काही तमाशा केला तो अख्ख्या रस्त्याने उभं राहून बघितला.

"तुझ्या पायात तो अंदाजच नाही गं," नवरा म्हणाला, आणि तेही किती मायेने! "मशीन कळावं लागतं. जाऊ दे, खालचंच काम बरं. साडेपाचला घरी तरी येतेस."

तिने रडत रडत नकाराचं पत्र लिहिलं. त्याने ते तत्परतेने वर नेऊन दिलं.

आता ती जागा पुन्हा रिकामी झाली होती. आज दुपारी बारापर्यंत वर जाऊन सही केली तर तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या बाईची. नेमकं याच आठवड्यात शास्त्रज्ञांनी गाडीचा कंट्रोलर बदलायला काढला होता. बॅटरीतली वीज मोटरला किती सोडायची ते ठरवणारा डबा म्हणजे कंट्रोलर. घरगुती गाड्यांची शर्यत जवळ आली होती आणि साहेबांना पहिला नंबर हवा होता.

"नव्या डब्याने मला चढता येईल का हो?" तिने आदल्या दिवशी विचारलं होतं.

"डबा बदलून पाय थोडाच बदलतो?" तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

सकाळी त्याला अचानक पाळीवर जावं लागलं, म्हणून त्याने ओळखीच्या वायरमनला पाठवलं. हा वायरमन शब्दाला महाग माणूस. त्याने बॅटरी सोडवली, जुन्या डब्याच्या टोकांना एक बल्ब लावला, आत साठलेली वीज त्यात जाळून टाकली आणि मगच हात घातला. एकेक वायर सोडवायची, तिला चिकटपट्टी लावायची, वर खूण करायची. ती शेजारी पाने-पकडी घेऊन उभी, डोळे घड्याळावर. साडेनऊ वाजले होते.

"वहिनी, ही जोडी नव्यालाही लावायची का?"

दोन बारीक पांढऱ्या वायरी होत्या.

"कसली आहे?"

"हा लगाम असतो. या दोन एकमेकींना जोडल्या की डबा मोटरला निम्मीच वीज सोडतो. शिकाऊ माणसासाठी ठीक आहे. सपाटीवर चालते गाडी, चढावर मात्र बसते." त्याने वायर ओढून बघितली. "साहेबांनी ही सीटखाली कुठे नेलीय?"

तिने गालिचा उचलला. चालकाच्या सीटखाली, आतल्या बाजूला, टेबलावरच्या दिव्याचं असतं तसलं एक काळं बटण स्क्रूने छान बसवलेलं होतं. वायर टाचणीएवढीसुद्धा बाहेर दिसू नये म्हणून पट्ट्या मारल्या होत्या. चावी देण्याआधी नवरा दर वेळी तिथे वाकायचा. हँडब्रेक बघतो म्हणायचा.

रागाचं काय, राग तिला रोजच यायचा. आता तिला शिसारी आली. सडलेल्या जखमा धुताना कधी तोंड वाकडं न करणारी बाई, पण त्या बटणाला बोट लागलं तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखी शहारली. बाई गं! हा माणूस वाकून बटण दाबायचा, वर उठायचा, हसून तिच्या हातात चावी ठेवायचा. ती हरून आली की तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. तोच हात. तिने आत जाऊन साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात खसाखसा धुतले.

"नवा राहू दे," ती बाहेर येऊन म्हणाली. "जुनाच परत बसवा. तोच चढतो का, ते बघायचंय मला. या दोन वायरी तेवढ्या सोडून."

"अहो, पण साहेब—"

"साहेबांना मी सांगते."

वायरमनने एकदा बटणाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग खाली मान घालून पाना उचलला.

पावणेअकराला ती निघाली. चढ सुरू झाला तसे तिचे तळवे घामेजले. टेम्पोची जागा आली आणि गेली. गाडी एकदाही अडखळली नाही. दोन मिनिटांत ती इस्पितळाच्या आवारात होती. दोन मिनिटं! तिला आनंद व्हायला हवा होता. पण तीन वर्षं आपण स्वतःच्या पायाला शिव्या दिल्या, तेवढंच आठवत राहिलं.

एवढ्यात फोन वाजला. कारखान्यातली मधली सुट्टी झाली असणार.

"काय मॅडम, बसला का आमचा नवा डबा?" आवाजात नुसता उत्साह.

"जुनाच बसवून घेतला परत," ती म्हणाली. "पांढरी वायर सोडून. वर आलेय मी."

पलीकडची यंत्रांची घरघर कमी झाली; तो बाजूला सरकला असणार.

"कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला. आणि लगेच, घाईघाईने, "अगं, तुझ्याच काळजीपोटी केलं मी ते."

कुठली वायर, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. तिने फोन बंद केला, तोंडात आलेलं कडू पाणी गटाराशी जाऊन थुंकून टाकलं आणि ती सही करायला आत गेली.